ळ मी दिला नाही

मला मिसळ फारशी आवडत नाही. खोटं कशाला बोलू, पित्त होतं. तरीही नाशिकातल्या बहुतेक मिसळवाल्यांकडे मी जाऊन बसलेली आहे, आणि तेही खाण्यासाठी नाही, पाटी बघण्यासाठी. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘मिसळ’ लिहिलेलं असायचं. त्यातला मि माझा, स माझा. ळ माझा नाही. माझ्या दोन अक्षरांच्या शेजारी तो परका ळ लंगडत उभा दिसला की मला असं काही बरं वाटायचं, की पित्ताची पर्वा न करता एक पाव जास्त जायचा.

कुणाला वाटेल, बाई कुजकी दिसते. वाटू दे. आहेच मी कुजकी, आणि का आहे तेही सांगते.

नव्वदीच्या दशकात ड्रॉइंगची परीक्षा पास होऊन मी रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात कामाला लागले. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. पांढरा सफारी, कपाळाला अष्टगंध, आणि जिभेवर खडीसाखर. छापखाना जोरात चालायचा. लग्नपत्रिका, द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं, शाळांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, काही म्हणजे काही सोडत नसत. शिशाचे खिळे जुळवून छापायचे दिवस संपत आले होते आणि आतल्या खोलीत, बूट काढून जायच्या खोलीत, दोन कॉम्प्युटर येऊन बसले होते. माझं काम मथळे हाताने काढण्याचं. कॉम्प्युटरला जे जमत नव्हतं ते माझ्याकडे यायचं.

माणसाचं नाव मी विसरते, पण त्याच्या दुकानाच्या पाटीवरचं अक्षर विसरत नाही. हे लहानपणापासूनचं आहे. लोकांना वाटतं, क म्हणजे क. अहो, क म्हणजे क नव्हे! उजवीकडची शेपटी खाली कान्याच्या पायापर्यंत येते की मध्येच आखडते, ते बघा. अनुस्वार गोल आहे की चौकोनी ते बघा. मात्रा मागे रेललेली आहे की ताठ, ज चं पोट सुटलेलं आहे की आत घेतलेलं, आणि वरची रेघ शेवटी सरळ कापली आहे की तिरकी. एवढं बघितलं की अक्षर कुठल्या घरचं ते कळतंच. आणि ल, श तर लपूनच राहत नाहीत. आपला ल पाकळीचा, आपला श देठाचा. छापखान्यात जे फॉन्ट आले होते ते उत्तरेकडून आलेले, त्यांचा ल दांडीचा आणि श ला देठच नाही. एका नवरीच्या बापाने तर छापलेल्या पत्रिका टेबलावर आपटल्या होत्या. म्हणाला, “आमचं लग्न काय अलाहाबादेत आहे का?”

त्या दिवशी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा सांगितला. म्हणाले, “पोरी, तुझं अक्षर मोत्यासारखं. तू सगळी अक्षरं काढ, अ पासून ज्ञ पर्यंत. आपण आपला मराठी फॉन्ट करू. कॉम्प्युटरवर अक्षर निवडायला गेलं की नावांची यादी उघडते ना? त्या यादीत तुझं नाव असेल. जिथं जिथं ही अक्षरं जातील तिथं तुझं नाव जाईल.”

मला दुसरं काहीच नको होतं. मी डावखुरी. डाव्या हाताने लिहिते म्हणून शाळेत त्या हातावर पट्ट्या खाल्ल्यात, देवळात त्या हाताने प्रसाद घेतला म्हणून बोलणी खाल्लीत. लग्न ठरताना तर ‘मुलगी डावरी आहे हो’ असं कुजबुजत सांगितलं होतं, काही दोष असल्यासारखं. आणि आता त्याच हाताच्या अक्षरांना माझं नाव लागणार होतं. मी हवेत होते. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, मग माहेरी सातपूरला जाऊन आईला सांगितलं. आईला फॉन्ट काय ते कळलं नाही. ती म्हणाली, “म्हंजी तुझं नाव छापून येणार, आसंच ना? मग जेवून जा आता.”

मी कामाला लागले. ट्रेसिंग पेपरवर पंज्याएवढं एकेक अक्षर, आधी पेन्सिलीने, मग शाईने. ग चा काना पहिल्या भागापासून किती लांब ठेवायचा यावर मी आठवडेच्या आठवडे घालवलेत. माझ्या अक्षरांत एक खोड होती. कान्याचा पाय इतरांच्या अक्षरात ज्या बाजूला तिरका तुटतो, माझ्यात तो बरोबर उलट्या बाजूला तुटतो. हात डावा, म्हणून. मी ती खोड काढली नाही. शेठनाही ती आवडली होती. ते म्हणायचे, “वेगळं दिसतं, राहू दे.”

सगळी अक्षरं झाली, ळ तेवढा होईना.

ळ हे अक्षर असं आहे की त्याला उभं राहायला काना नाही. वरच्या रेघेला नुसतं लोंबकळत असतं, खाली दोन गाठी. दोन्ही सारख्या केल्या की निर्जीव दिसतं, कमीजास्त केल्या की पडेल असं वाटतं. मी कितीतरी काढले आणि टाकले. तेवढ्यात माझे दिवस भरत आले आणि मी बाळंतपणासाठी आईकडे गेले. बाकीच्या अक्षरांचा गठ्ठा छापखान्याच्या कपाटात राहिला. ळ बरोबर घेतला. शेठना सांगितलं, “एवढा एक घरून करून आणते.” ते म्हणाले, “सावकाश, सावकाश. आधी बाळ.”

आईचं माहेर घोटीकडचं, भाताच्या शेतातलं. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर आधी ती अंगठा द्यायची. मला त्याची लाज वाटायची, म्हणून चौथीत असताना मीच तिला नाव लिहायला शिकवलं होतं. तिच्या नावात मधोमध ळ. बाकीची अक्षरं तिनं माझी बघून गिरवली, ळ मात्र तिचा तिनं काढला. डावी गाठ एवढीशी, उजवी मोठी, जरा खाली ओघळलेली, आणि शेवटी एक झटका. मी म्हणायची, “आई, दोन्ही सारख्या काढ ना.” ती म्हणायची, “दोन पोरं काय सारखी आसत्यात का? एक ल्हान, एक मोठं. बरोबर हाय माझं.”

बाळंतपणाच्या त्या दिवसांत दवाखान्याच्या कागदावर तिनं सही केली आणि मी बघतच राहिले. अगं बाई, हाच की! इतके दिवस जो ळ मी शोधत होते तो प्रगतिपुस्तकावर पडून होता. बाळ झोपलं की मी आईचा ळ काढायला बसायची. गाठी तिच्या, जाडी माझी, वरची रेघ माझी. जमला. असा जमला की बाकीची सगळी अक्षरं जणू त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसली होती. आईला दाखवला तर ती लाजलीच. म्हणाली, “माझ्या सहीचं येवढं मोठं कशाला केलं?”

आता ऐका. बाळ तीन महिन्यांचंही नव्हतं आणि घरी एक निमंत्रणपत्रिका आली. छापखान्याकडून. पाकीट उघडलं आणि माझीच अक्षरं माझ्याकडे बघायला लागली. कान्याचे पाय उलटे तुटलेले. ल पाकळीचा, श देठाचा. क ची शेपटी मी जिथं थांबवली होती तिथंच थांबलेली. मला इतका आनंद झाला, की मी आईला हाक मारली, “आई, आली गं माझी अक्षरं!” मग मी मजकूर वाचला. शेठनी स्वतः घडवलेल्या मराठी फॉन्टचा प्रकाशन समारंभ. फॉन्टला नाव सुनेचं. सून बिचारी चांगली होती, तिचं माझं काही वाकडं नाही. पण तिनं आयुष्यात रांगोळीचा ठिपकासुद्धा सरळ काढला नसेल.

आणि खाली ‘स्थळ’ आणि ‘वेळ’. दोन्हीत ळ. तो ळ माझा नव्हता, कसा असेल, माझा तर माझ्या उशाशी होता. कुणीतरी व ची गाठ उचलून, उलटीसुलटी करून, दोन एकाला एक चिकटवल्या होत्या. खुंटीला चष्मा अडकवल्यासारखा दिसत होता.

मी समारंभाला गेले. बाळंतिणीनं बाहेर पडू नये म्हणून आई ओरडत होती, तरी गेले. शेठना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, कुणीतरी त्यांना ‘अक्षरयोगी’ म्हणालं. त्यांनी भाषण केलं, रात्ररात्र जागून एकेक अक्षर कसं घडवलं ते सांगितलं. कान्याच्या उलट्या पायाबद्दलही बोलले. म्हणे, “परंपरेला थोडं वळण द्यावं असं मनात आलं.” तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी मागच्या रांगेत पेढ्याची बशी हातात घेऊन बसले होते. पेढा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. बसलेसुद्धा नाही. म्हटलं, “शेठ, माझं नाव?”

ते हसले. “बैस. अगं, तुझ्या नावाचा फॉन्ट घेणार कोण? तुला कोण ओळखतं? व्यवहार असतो हा.”

“पण अक्षरं माझी आहेत.”

“अक्षरं?” ते खुर्चीत मागे रेलले. “अक्षरं काय कुणाच्या बापाची असतात का? क काय तू शोधलास? सरस्वतीचं देणं आहे ते, सगळ्यांचं. तू हात चालवलास, पगार घेतलास. झालं.”

मला रडायला येत होतं आणि ह्या माणसासमोर मेले तरी रडणार नाही असंही वाटत होतं. मी एवढंच विचारलं, “आणि ळ?”

“भागवून घेतला. एका अक्षरानं काय बिघडतंय?”

त्या क्षणी मला हायसं वाटलं, खरं सांगते. ह्या माणसाला दिसतच नव्हतं! शाल पांघरून बसला होता, आणि आपल्या अक्षरांच्या घरात एक तोतया शिरलाय हे त्याला दिसत नव्हतं. मी मनात म्हटलं, बघतेच आता, एका अक्षरानं काय बिघडतं ते. नोकरी तिथंच सोडली.

पुढं मी एका शाळेत चित्रकलेची बाई झाले. आणि फॉन्ट चालला, तुफान चालला. मराठी वळणाचा, देखणा, लोकांना आवडला. लग्नपत्रिकांवर आला, कॉलेज रोडच्या दुकानांवर आला, शालिमारला एस.टी.तून उतरलं की समोरच्या औषधाच्या दुकानावर माझाच औ. मी नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून शहरभर माझी अक्षरं बघत हिंडायची. आधी जीव जळायचा. नवरा म्हणायचा, “सोड ना आता.” सोड काय सोड? त्याचा काना चोरला होता का कुणी?

मग मी ळ बघायला शिकले, आणि जीव जळायचा थांबला. मराठीत ळ चुकवून जाल कुठं? लग्न म्हटलं की स्थळ आलं, वेळ आली. दुकान म्हटलं की गूळ, नारळ, केळी, भेळ. शाळा आहे, दिवाळी आहे, काळाराम आहे. आणि आपल्या गावात तर मिसळ! जिथं जिथं शेठची कीर्ती जाई तिथं तिथं तो खुंटीवरचा चष्मा तिच्या मागे मागे जाई. मी बघायची आणि म्हणायची, लंगड बाबा, लंगड.

नुसतं बघून माझं भागलं नाही. मिसळवाल्यांना मी सांगायला लागले. “मालक, पाटी झकास आहे, ळ तेवढा बघा, बाकीच्यांशी जुळतोय का?” एकजण म्हणाला, “बाई, तर्री आणू का अजून?” पण दुसऱ्या वेळी गेले तर तोच दारात उभा राहून वर बघत होता. म्हणाला, “काय करून ठेवलंत बाई, आता मला तेवढंच दिसतं.” एकदा दिसलं की दिसतंच ते. दातातल्या फटीसारखं आहे, एकदा जीभ गेली की जातच राहते. वर्गात तर मी राजरोस शिकवलं. दर वर्षी नव्या पोरांना ती पत्रिका दाखवायची आणि विचारायची, ह्यातलं कुठलं अक्षर ह्या घरचं नाही? पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे ओरडायचे, ळ! ती पोरं घरी जाऊन आईबापांना दाखवायची. आईबाप पत्रिका छापायला जायचे आणि शेठना म्हणायचे, “अक्षर हेच ठेवा, ळ बदला.” मला हे सगळं आतल्या खोलीतला ऑपरेटर येऊन सांगायचा, आणि मी त्याला लाडू द्यायची.

दोन हजार साल उलटून गेलं. शेठनी ळ किती वेळा बदलला असेल. एकदा गाठी बारीक केल्या, एकदा जाड केल्या, एकदा दुसऱ्याच फॉन्टातला आणून बसवला. जुळेना. मग पुण्याच्या एका प्रकाशकाला लहान मुलांच्या पुस्तकांसाठी तो फॉन्ट हवा होता, त्यानं ळ पाहून नाक मुरडलं. म्हणाला, पोरं ह्यावरून गिरवणार, हा असला ळ चालणार नाही.

आणि शेठ माझ्या दारात आले. आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. शेठनी द्राक्षांची पेटी आणली होती. पेटीवरचं लेबल माझ्याच अक्षरात, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाले, “पोरी, तुझ्याकडे तो ळ असेल ना गं?”

“आहे.”

“देतेस?”

“फॉन्टला माझं नाव देता?”

“आता नाव कसं बदलणार? गावोगाव गेलंय ते. दुसरं काही माग.”

“मग ळ पण कसा देणार? तुम्हीच म्हणालात, एका अक्षरानं काय बिघडतंय.”

त्यांचा चेहरा पडला. तो चेहरा मी डोळे भरून पाहिला. ते गेले. द्राक्षं मी ठेवून घेतली, सगळ्यांनी खाल्ली, गोड होती.

आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. म्हणाली, “आगं, दे ना. येवढंसं अक्षर हाय.”

“तुझं आहे ते. त्याला नाही द्यायचं.”

“मग त्या तुझ्या अक्षरांत माझं नाव कसं लिव्हायचं?”

मी म्हटलं, “लिहायचंच नाही.”

तिनं मान हलवली आणि द्राक्षाचे देठ गोळा करायला लागली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आई गेली. दोन दिवस ताप आला आणि गेली. मी सातपूरला भावाकडे होते, घरात माणसांची रीघ, मला बाहेरचं काही दिसत नव्हतं. दहाव्याच्या आदल्या दिवशी रामकुंडावर न्यायचं सामान आणायला म्हणून पहिल्यांदा गल्लीबाहेर आले. तोवर नाशिकभर फ्लेक्स आले होते. वाढदिवसाला फ्लेक्स, निवडीला फ्लेक्स, मरणाला फ्लेक्स. कोपऱ्यावर बांबूंना बांधून आईचा फ्लेक्स उभा होता. भावानं केला होता, मनापासून केला होता. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये तिचा नथ घातलेला फोटो, खाली हातभर मोठ्या अक्षरात तिचं नाव.

माझ्या अक्षरांत. आणि नावाच्या मधोमध तो चष्मा.

मी तिथंच मटकन बसले. आई गेल्यापासून मी तशी रडलेच नव्हते, तिथं रस्त्यावर रडले. भाऊ धावत आला. “ताई, काय झालं? दुकानदार म्हणाला, सगळ्यात चांगलं अक्षर हेच आहे.” त्याला काय सांगू? तिनं आयुष्यभर एकच शब्द लिहिला, आणि त्यातलं तिचं स्वतःचं असं एकच अक्षर होतं. ते माझ्या कपाटात होतं आणि तिच्या नावात तो भामटा बसला होता.

मी भावाला म्हटलं, “रंग आण. पांढरा आणि काळा ऑइलपेंट. चपटा ब्रश आण. आणि स्टूल.”

“आत्ता? ताई, लोक काय म्हणतील?”

“आण म्हणते ना!”

त्यानं आणलं. मी पदर खोचला आणि स्टुलावर चढले. आधी तो चष्मा पांढऱ्यानं पुसून टाकला. इतक्या वर्षांनी त्याच्यावर हात टाकायला मिळाला होता, चांगला दोनदा पुसला. खाली बायका कुजबुजत होत्या, आत्या म्हणाली, “हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.” पांढरा वाळेपर्यंत मी स्टुलावरच उभी राहिले. मग काळ्यात ब्रश बुडवला, डाव्या हातात धरला, आणि आईचा ळ काढला. कपाटातला कागद बघायची गरज नव्हती. डावी गाठ एवढीशी, उजवी मोठी, ओघळलेली, शेवटी झटका.

फ्लेक्सवाल्याचं दुकान समोरच होतं, तो काय गोंधळ चाललाय म्हणून येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, “अहो बाई, हा तर ह्याच फॉन्टचा ळ आहे! हा कुठं होता इतके दिवस?”

मी वळून बघितलं, तर गर्दीच्या मागे शेठ. बायकोला घेऊन भेटायला आले होते. माणुसकीनं आले की ळ साठी आले, देव जाणे. फ्लेक्सवाल्यानं त्यांना ओळखलं, त्यांच्याकडूनच फॉन्ट घेतलेला त्यानं. तो भाबडेपणानं म्हणाला, “शेठ, तुम्ही घडवलात ना हा फॉन्ट? मग तुमच्याकडे का नाही हा ळ?”

शेठ नावाकडे बघत होते. मग कान्यांच्या उलट्या तुटलेल्या पायांकडे, मग माझ्या डाव्या हातातल्या ब्रशाकडे. लोकही त्यांच्या नजरेमागोमाग तसंच बघत होते. फ्लेक्सवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला तो मला स्टुलावरून दिसला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई... सगळीच का?”

“सगळी,” मी म्हटलं.

शेठच्या बायकोनं मान खाली घातली. शेठ पुढे आले, अगदी स्टुलाजवळ, आणि हळू आवाजात म्हणाले, “नाव देतो. सुनेचं काढतो, तुझं नाव घालतो. चारचौघांसमोर सांगतो हवं तर. ळ दे.”

याच वाक्यासाठी मी इतकी वर्षं मिसळ खात हिंडले होते. आणि ते आलं तेव्हा माझ्या डोक्यावर आईचा फोटो होता आणि ब्रशातला रंग कोपरापर्यंत ओघळला होता.

मी म्हटलं, “शेठ, तुम्ही विचारलं होतंत मला, अक्षरं काय कुणाच्या बापाची असतात का. नसतात. हा माझ्या आईचा आहे.”

त्यांनी फोटोला हात जोडले, नुसते जोडून उभे राहिले, आणि घरात न येताच गेले.

तेराव्यापर्यंत फ्लेक्स तिथं होता. फ्लेक्सवाल्यानं एक पैसाही न घेता त्यावर प्लॅस्टिक लावून दिलं, पावसानं रंग जाऊ नये म्हणून. येणारी जाणारी माणसं थांबून वाचायची. चौदाव्या दिवशी मी तो स्वतः उतरवला, गुंडाळला आणि घरी आणला. अजून कपाटावर आहे.

फॉन्टवर आजही सुनेचंच नाव आहे. मिसळीच्या पाट्या आजही लंगडतात, आणि मी आजही पित्ताची गोळी घेऊन बघायला जाते. पण आता पाटी बघताना पूर्वीसारखं मन लागत नाही. माझी अक्षरं त्यांच्या खऱ्या ळ सकट आजवर एकाच शब्दात लिहिली गेली आहेत, आणि तो शब्द आईचं नाव आहे. ळ मी दिला नाही. देणारही नाही.